रिझर्व्हला लागलेली गाडी

बाबांच्या मोटारसायकलीला पेट्रोल दाखवणारा काटा नव्हता. आता माझ्या मुलाच्या गाडीवर पेट्रोल संपत आलं की पिवळा दिवा लागतो, आणि तो लागल्यावरही मुलगा निवांत फिरत असतो. आमच्या वेळी टाकीखाली, डाव्या गुडघ्याजवळ एक लहानसा कॉक असायचा. खाली केला की चालू, आडवा केला की बंद, वर केला की रिझर्व्ह.

मला बरीच वर्षं वाटायचं की रिझर्व्ह म्हणजे आत कुठंतरी वेगळी, छोटी टाकी असते. एकदा गाडी धुताना मी तसं बोलून गेले. बाबांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"वेगळी टाकी नाही बाई. टाकी एकच. आत दोन नळ्या राह्यतात, एक उंच, एक बुटकी. चालूवर गाडी उंच नळीनं पेट्रोल पिते. पेट्रोल तिच्या तोंडाखाली गेलं की गाडी खोकलते. मग कॉक फिरवायचा. बुटकी नळी तळातलं ओढते."

"आणि कॉक आधीच फिरवलेला असला तर?"

"मग तळातलंही संपते आणि गाडी न सांगता बंद पडते. म्हणून पेट्रोल भरलं की पह्यले कॉक खाली करायचा."

हे ते स्वतः कधी चुकत नसत. पंपावर टाकीचं झाकण लागायच्या आत त्यांचा हात कॉकवर असे. टाकीत डोकावून बघणं, गाडी हलवून आवाज ऐकणं, असलं काही ते करत नसत. गाडी खोकलली की रिझर्व्ह, रिझर्व्ह लागलं की पंप. यावर त्यांचा पूर्ण भरवसा होता.

आम्ही भिलाईला सेक्टर २ मध्ये, पोलादाच्या प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा स्टोअर्समध्ये क्लार्क होते. ड्यूटीला ते सायकलीनंच जात, आजूबाजूच्या सगळ्यांबरोबर. मोटारसायकल रविवारची, लग्नकार्याची, फार तर रात्री-अपरात्री डॉक्टरकडे न्यायची. बाकीचे दिवस ती मागच्या व्हरांड्यात जुन्या चादरीखाली उभी असायची. आई तिच्यावरची धूळ झटकायची आणि वाळवणाचं सूप चुकूनही सीटवर ठेवू द्यायची नाही. मला वाटायचं, बाबांना राग येईल म्हणून.

माझी अकरावीची परीक्षा नुकतीच संपली होती. रायपूरला बाबांच्या चुलतभावाच्या मुलाची मुंज होती. रविवारी सकाळी ऊन तापायच्या आत आम्ही निघालो. पुढे बाबा, मधे मी, मागे आई एका बाजूला पाय सोडून, मांडीवर आहेराची पिशवी. चरोदा मागे पडलं. कुम्हारीच्या अलीकडे बाबांनी कोळशाच्या एका ट्रकला मागं टाकायला घेतलं. गाडी ट्रकच्या बरोबरीला आली आणि इंजिन खोकललं.

बाबांचा डावा हात खाली गेला. नेहमीसारखा, न बघता. मी मधे बसले होते म्हणून मला त्यांची पाठ एकदम ताठ झालेली कळली. हात कॉकवर होता आणि फिरवायला काही उरलंच नव्हतं. कॉक आधीच वर होता.

गाडीचा जीव गेला. उजवीकडे समोरून येणाऱ्या गाड्यांची वाट, डावीकडे ट्रकची चाकं माझ्या खांद्याइतकी उंच. समोरून एक बस भोंगा वाजवत येत होती. बाबांनी क्लच दाबला, गाडी नुसती सोडून दिली आणि ट्रक पुढे निघून जाताच त्याच्या मागून गाडी डावीकडे खाली काढली. मुरमावर चाक घसरलं. आम्ही पडलो, पण हळू. माझा गुडघा सोलवटला. आईची पिशवी लांब जाऊन पडली. बस आमच्या अंगावर गरम वारा टाकून गेली.

बाबांनी गाडी उभी केली, माझा गुडघा पाहिला, आईला उठवलं. मग ते कॉकसमोर उकिडवे बसले आणि त्याच्याकडे बघत राहिले. चेहरा असा, की घरात शिरावं आणि भिंत जागेवर नसावी.

"मी मागच्या टायमाला पेट्रोल भरलं, तवा कॉक खाली केला होता," ते म्हणाले. "मले पक्कं आठवते. तिथून घरी आणली अन् तशीच उभी आहे. टाकी अर्धी असाले पाह्यजे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही अशी मान हलवली. मला ती गाडी स्टँडवरून काढताही येत नव्हती.

"कोनीतरी गाडी नेली," बाबा म्हणाले. "आपल्या घरातून गाडी नेली, चालवली, अन् आणून ठेवली."

"मी नेली," आई म्हणाली.

ती रस्त्याच्या कडेला उभी राहून पिशवीची माती झटकत होती. बाबांना नीट ऐकू आलं नसावं.

"कोनाले देली?"

"देली नाही. मीच चालवली. मागच्या टायमाला परत येताना रिझर्व्हला लागली. घरी येऊन कॉक खाली करायचा राह्यला. ध्यानातच आलं नाही."

मी आईकडे बघत होते. सुती काठाची साडी, अंबाड्याला लावलेली मोगऱ्याची वेणी, कपाळावर घामानं पसरलेलं कुंकू. ही बाई सायकलसुद्धा चालवताना मी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, पडल्यामुळे तिच्या डोक्याला मार लागला असावा. मी खरंच तिच्या डोक्याला हात लावून पाहिला.

बाबा उठून उभे राहिले. "तुले गाडी चालवता येते?"

"लग्नाच्या आधीपासून."

"कोनं शिकवली?"

"माह्या बापानं."

माझे आजोबा रेल्वेत गार्ड होते, डोंगरगढला. कडक माणूस. त्यांच्यासमोर मी कधी पाय पसरून बसत नसे. त्यांना मुलगा नव्हता. शेजारच्या इंजिन ड्रायव्हरनं बदली झाल्यावर आपली जुनी मोटारसायकल त्यांच्याकडे ठेवली होती आणि तिच्यावर त्यांनी लोको शेडमागच्या मैदानात आपल्या मुलींना गाडी शिकवली होती, हे आईनं तिथं, मुरमावर उभं राहून सांगितलं. बाबांना लग्नानंतर इतक्या वर्षांनी हे पहिल्यांदा कळत होतं, आणि मलाही. आई 'मुली' म्हणाली होती, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

"अन् नेली कुठं?" बाबांनी विचारलं.

आईनं पिशवी छातीशी धरली.

"दुर्गले. मोहन नगरात."

बाबांचा चेहरा बदलला. मघाचा धक्का वेगळा होता, हा वेगळा. ते रस्त्याकडे बघायला लागले. मला मात्र काहीच कळेना. मोहन नगरात आमचं कोणी नव्हतं.

"तिथं कोण राहतं आई?"

"तुही मावशी."

मला एकच मावशी होती आणि ती वारलेली होती. डोंगरगढच्या घरी एका फोटोत आईशेजारी दोन वेण्या घातलेली मुलगी होती. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, ही कोण, आणि ते म्हणाले होते, तुझी मावशी, मेली ती. मी ते शब्दशः घेतलं. शाळेत मैत्रिणींना सांगितलं. एका पितृपक्षात आई पानं वाढत असताना मी विचारलं होतं, मावशीचं पान नाही का वाढायचं. आई हातातला डाव टाकून मोरीत निघून गेली होती आणि बाबांनी मला गप्प केलं होतं. मला वाटलं होतं, बहिणीच्या आठवणीनं तिला रडू आलं.

"ती जिवंत आहे?" मी म्हणाले.

"आहे."

जिवंत माणसाला मी इतकी वर्षं मेलेलं धरून चालले होते, आणि ती आमच्या घरापासून सायकलीच्या अंतरावर राहत होती.

बाबा म्हणाले, "तुह्या बापाले मी शब्द देला होता."

"शब्द तुमी देला," आई म्हणाली. "मी नाही."

मग बाबांनी आहेराच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली, उरलेलं पाणी मला प्यायला लावलं, बाटली झटकून कोरडी केली आणि कुम्हारीकडे पायी निघाले. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

आम्ही दोघी एका बाभळीच्या विरळ सावलीत बसलो. आईनं माझ्या गुडघ्याला रुमाल बांधला आणि मग स्वतःहून सांगू लागली.

मावशीनं एका छत्तीसगढी मास्तराशी लग्न केलं होतं. जात वेगळी. आजोबांनी तिच्या नावानं अंघोळ केली. आईचं लग्न ठरताना त्यांनी बाबांना एकच अट घातली, या मुलीला तिच्याकडे जाऊ द्यायचं नाही. बाबा हो म्हणाले. नंतर कधीतरी मास्तरांची बदली दुर्ग जिल्ह्यात झाली, ती मोहन नगरात राहायला आली हे बाबांच्याही कानावर होतं, आणि गेल्या दिवाळीत दुर्गच्या बाजारात रांगोळीच्या गाडीसमोर दोघी बहिणी एकमेकींसमोर आल्या.

"मग?"

"मग काय. तिनं मले पाह्यलं, मी तिले पाह्यलं. दोघीही रांगोळी न घेता उभ्या."

मावशीचं मूल दोनदा पोटातच गेलं होतं. आता पुन्हा दिवस राहिले होते आणि डॉक्टरनं खाटेवरून उठायचं नाही असं बजावलं होतं. मास्तर लांबच्या खेड्यातल्या शाळेवर, शनिवारी येणार. सासरचं कोणी फिरकत नव्हतं. शेजारीण पाणी भरून द्यायची, पण गरम जेवण कोण देणार.

"टेम्पोनं गेली असती ना तू," मी म्हणाले.

"टेम्पोत अर्धं सेक्टर बसते. कोठी चालल्या वहिनी, काय आहे डब्यात. अन् चौकात जा, टेम्पो भरेपर्यंत थांब, पुन्हा तिकडून ये. तू शाळेतून यायच्या आत मले घरी पोचायचं राह्ये."

म्हणून ती भर दुपारी निघायची. उन्हाळ्यात आमच्याकडे त्या वेळी रस्त्यावर कुत्रंही नसतं. घराघरांत कूलर घरघरत असतात, दारं बंद. ती बाबांची जुनी पँट आणि शर्ट चढवायची, डोक्याला आणि तोंडाला गमछा गुंडाळायची, जसे सगळे पुरुष उन्हासाठी गुंडाळतात. डबा पिशवीत, पिशवी हँडलला. मागच्या गल्लीतून गाडी हातानं ढकलत नेऊन वळणावर चालू करायची. एकदा चौकात बाबांच्याच ऑफिसातल्या एकानं तिला बाबा समजून हात केला होता.

"तू काय केलं?"

"मीही हात केला."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. रोज शाळेतून आले की ही बाई दार उघडायची, हातपाय धू म्हणायची, पोहे द्यायची. तिच्या अंगाला कधी पेट्रोलचा वास आला असेल तर मी तो बाबांच्या कपड्यांचा समजले असेन. मी तिला ओळखते असं मला वाटत होतं.

"मग त्या दिवशी कॉक कसा विसरलीस?"

"तिच्या अंगावरून थोडं जाऊन राह्यलं होतं," आई म्हणाली. "डॉक्टर येऊन गेला. तो म्हणाला, आज काही सांगता येत नाही. वापस येताना गाडी कशी चालवली मले ठाऊक नाही. खोकलली तवा हात आपोआप खाली गेला. घरी आली अन् देवासमोर बसली, ते तू येईपर्यंत."

बाबा एका दूधवाल्याच्या राजदूत मोटारसायकलवर मागं बसून परत आले. बाटलीत पेट्रोल होतं. त्यांनी ते टाकीत ओतलं, किक मारली, गाडी चालू झाली. आईला वाटलं, आता घरी वळणार. बाबांनी गाडी रायपूरकडेच लावली.

मुंजीत आम्ही बसलो, आहेर केला, जेवलो. लोकांनी गुडघ्याला काय झालं विचारलं तर मी पडले म्हणाले. बाबांच्या पानात जिलबी तशीच होती. आई बायकांमध्ये बसली होती आणि तिच्या नजरेत घाबरल्याचं काही नव्हतं. इतके दिवस लपवलेलं एकदाचं सांगून झालं होतं. घाबरले होते ते बाबा, आणि ते कशाला घाबरले होते हे मला तेव्हा कळत नव्हतं. पुढं पुष्कळ वर्षांनी त्यांनीच सांगितलं. बायको आपल्याला भिऊन, आपलेच कपडे घालून, आपल्याच घरातून चोरासारखी जात होती, आणि त्या दिवशी ट्रकखाली जाता जाता वाचलो नसतो तर आपण हे न कळताच मेलो असतो, हे त्यांना जेवताना राहून राहून आठवत होतं.

परतताना त्यांनी रायपूरला पंपावर टाकी गच्च भरली. कॉक खाली केला. मग त्यांनी तो पुन्हा एकदा हात लावून पाहिला.

भिलाई आलं. सेक्टरकडे वळायचा चौक आला आणि बाबा वळले नाहीत. मला वाटलं, विचारात चुकले. मी त्यांच्या खांद्याला हात लावणार, तेवढ्यात आईनं मागून माझा हात धरला. दुर्ग लागेपर्यंत तिनं तो सोडला नाही. तिथं पहिल्या गर्दीच्या चौकात बाबांनी गाडी हळू केली आणि मान न वळवता विचारलं, "आता कुठून?"

आई म्हणाली, "सरळ घ्या. मी सांगते."

मोहन नगरात एका बैठ्या घरासमोर गाडी थांबली. बाबा उतरले नाहीत. "तुमी जा," म्हणाले. आम्ही दोघी आत गेलो. खिडकीजवळ, विटा लावून पायथा उंच केलेल्या खाटेवर एक बाई पडली होती. तिनं मान वळवली. कपाळ माझं होतं, हनुवटी माझी होती. मला घरात सगळे म्हणायचे, ही कोणावर गेली कोणास ठाऊक.

ती माझ्याकडे बघत राहिली, मग आईकडे.

"घेऊन आलीस?" म्हणाली. "अन् भाऊजीले कळलं तर?"

"बाहेर उभे आहेत," आई म्हणाली.

मावशी उठून बसायला गेली. आम्ही दोघींनी तिला धरून परत झोपवलं. मी बाहेर पाणी घेऊन गेले तेव्हा बाबा गाडीवर बसून होते. त्यांनी पेला घेतला, सगळं पाणी प्यायले आणि पेला माझ्या हातात देताना विचारलं, "बरी आहे का ती?" मी म्हणाले, बरी आहे. ते त्या दिवशी आत आले नाहीत. नंतरही आले नाहीत. पण आईचं जाणं थांबलं नाही, आणि आता ती साडी नेसून, तोंड उघडं ठेवून समोरच्या रस्त्यानं जायला लागली. सेक्टरमध्ये गवगवा झाला. बायका कुंपणाशी येऊन बघायच्या. बाबांना ऑफिसात कोणी काही बोललं असेल तर ते घरी आलं नाही.

पाऊस सरत आला असताना एका दुपारी बाबांच्या ऑफिसात फोन आला. मोहन नगरातला कोणी दुकानदार होता. तो एवढंच म्हणाला की तुमच्या मिसेसनी सांगितलं आहे, दुर्गच्या सरकारी दवाखान्यात लगेच या. फोन कटला.

बाबांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट आली. आई, ओला रस्ता आणि ट्रक. त्यांनी कोणाला सांगितलंही नाही. सायकल काढली आणि प्लांटपासून दुर्गपर्यंत ते चिखलातून, पावसातून मारत गेले. त्या वयाच्या माणसानं तसं जाऊ नये. दवाखान्याच्या दारात त्यांना आमची मोटारसायकल उभी दिसली, धडधाकट, आणि त्यांना काही उमगेना. आत व्हरांड्यात आई उभी होती. तिच्या पदराला रक्त होतं.

निरोप शाळेतही आला होता आणि मी परस्पर तिथं पोचले होते, म्हणून मी हे पाहिलं. बाबांनी भिंतीला हात टेकला. ओले कपडे अंगाला चिकटलेले, ओठ पांढरे.

"तुले लागलं कोठी?"

"मले नाही," आई म्हणाली. "तिचं आहे. मी जेवण घेऊन गेली त तिच्या कळा सुरू झाल्या होत्या. रिक्षा भेटली नाही. मागं बसवून आणली. शेजारीण मागून धरून बसली."

"गाडीवर आणली?"

"मंग काय करू."

बाबा बाकावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांना तोवर रडताना पाहिलं नव्हतं. आई त्यांच्याशेजारी बसली आणि पदरानं त्यांचं डोकं पुसू लागली, तसं लहान मुलाचं पुसतात.

मुलगी झाली. लहानशी, पण रडणारी. संध्याकाळी नर्सनं आत सोडलं तेव्हा बाबा दारातच घुटमळले. मावशीनं खांद्यावरचा पदर सारखा केला आणि त्यांना या म्हणाली. ते खाटेपाशी गेले.

"दूध प्यायली का?" त्यांनी विचारलं.

"आता प्यायली," मावशी म्हणाली.

"मंग ठीक आहे," बाबा म्हणाले आणि खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. मास्तर खेड्यावरून येईपर्यंत ते तिथंच बसून होते.